गॅस गेला कुठे?

मेकॅनिकनं माझ्या गाडीच्या एसीच्या पाइपवरची काळी टोपी काढून बॅटरीवर ठेवली, पेचकसाचं टोक आतल्या पिनेवर टेकवलं आणि दाबलं. फस्स. पांढरी वाफ उडाली, पिनेभोवती क्षणभर हिमासारखं काहीतरी जमलं आणि विरून गेलं. त्याच्या अंगठ्याला तेलाचा ओलावा लागला होता, तो त्यानं पँटला पुसला. “गॅस हाये ताई, कमी हाये थोडा. भरून देतो.” मी विचारलं, कमी कसा झाला? बॉनेटखालून मान न काढताच तो म्हणाला, “दरवर्षी भरावाच लागते. उन्हाळा हाये ना.” नागपुरात मार्च संपत आला होता. भर दुपारी वर्धा रोडच्या कडेच्या त्या दुकानासमोर माझ्या मागे आणखी काही गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. सगळे एकाच कामासाठी आलेले आणि सगळ्यांना एकच उपाय मिळत होता. निळा सिलिंडर, पिवळा पाइप, थोडा वेळ घुर्र आवाज, हजार-दीड हजार रुपये, आणि पुढची गाडी.

गाडी गार झाली, मी घरी आले. पण तो फस्स आवाज काही डोक्यातून जाईना. उन्हाळा आहे म्हणून गॅस कमी होतो, हे मला पटत नव्हतं. गाडी हिवाळाभर एसी न लावता उभी होती. वापरलाच नाही तर संपला कसा? आणि ‘आहे की नाही’ हे बघायला म्हणून आणखी थोडा हवेत सोडून द्यायचा, ही कुठली तपासणी? स्वयंपाक करताना, कॉलेजात पेपर तपासताना, मध्येच तो पेचकस डोळ्यासमोर यायचा. दुकानदार फसवत होता असं मला अजिबात वाटत नव्हतं. तो जे सांगत होता त्यावर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि रांगेतल्या आम्हा सगळ्यांचाही होता. मला टोचत होतं ते हेच.

एप्रिलमध्ये बाबांना वरोऱ्याहून तपासणीसाठी नागपूरला आणायचं होतं. सकाळी लवकर निघालो तेव्हा बरं होतं. तपासणी करून त्यांना वरोऱ्याला परत सोडताना बुटीबोरीच्या पुढे ऊन डांबरावर नाचायला लागलं आणि जाळीतून येणारी हवा आधी कोमट, मग नुसतीच हवा झाली. गाडी ऐंशीच्या वेगानं धावत असली की थोडा गारवा जाणवायचा. टोलच्या रांगेत थांबली की तोही जायचा. कान देऊन ऐकलं तर बॉनेटखाली टक्... थोड्या वेळानं पुन्हा टक्... असा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा, त्याला इंजिनाशी जोडणारा क्लच लागत-सुटत होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, चार घड्या करून मानेवर ठेवला, आणि जामच्या चौकात रसवंती दिसल्यावर फक्त एवढंच म्हणाले, “थांबव दोन मिनिटं.” ऊसाचा रस पिताना त्यांचा हात किंचित थरथरत होता. ते वयाच्या ज्या टप्प्यावर आहेत तिथे ४४ अंशांतला प्रवास ही गैरसोय राहत नाही, तो जिवाशी खेळ होतो. गार हवा म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्या माणसांनी एकदा मे महिन्यात चंद्रपूर रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन यावं.

बाबांच्या तरुणपणी आमच्याकडे जुनी फियाट होती. तिच्या पुढच्या दारांना ती छोटी त्रिकोणी काच होती. ती फिरवून कोन नीट साधला की वारा थेट छातीवर यायचा. वारा म्हणजे काय, झळच ती. तरी अंग घामेजलेलं असलं की तेवढ्यानंही बरं वाटायचं. आई दारांच्या काचांना ओले टॉवेल अडकवायची, ते हिंगणघाट येईस्तोवर पापडासारखे वाळायचे. आमच्या खिशांत प्रत्येकी एक कांदा असायचा. घरी पोहोचलो की ओसरीवर कूलर. लोखंडी पत्र्याचा, निळा, तीन बाजूंना वाळ्याच्या पट्ट्या, आणि पाण्याच्या पहिल्या धारेबरोबर सुटणारा तो वास. आजही वाळ्याचा वास आला की मला घसा सुकल्याची आणि शाळा संपल्याची आठवण एकदमच येते. कूलरमध्ये पाणी भरणं ही मुलांची कामगिरी. संध्याकाळी नळ यायचा, नळी लावून टाकी भरायची, पंपाची जाळी साफ करायची, सकाळी पुन्हा बघायचं. विसरलात तर रात्री अडीच वाजता पंप कोरडा खडखडायचा आणि सगळं घर जागं व्हायचं.

या कूलरचा विचार करतानाच मला त्या दुकानासमोरची रांग थोडी समजली. आम्ही विदर्भातली माणसं भरण्यावर वाढलोय. गारवा हवा तर रोज काहीतरी ओतावं लागतं, ते उडून जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतावं लागतं, हे आमच्या हाडामांसात मुरलंय. कूलरमधलं पाणी खरोखरच संपतं. वाळ्यावरून वाफ होऊन खोलीत पसरतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मग गाडीतला गॅसही तसाच उडत असणार, दर उन्हाळ्याला घालावाच लागणार, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गंमत म्हणजे गाडीच्या एसीतही मूळ क्रिया तीच. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. हल्ली रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे दडलेल्या कुलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो, कॉइल गार पडते, पंखा तिच्यावरून हवा फेकतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून पुढे रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होतो, एका बारीक भोकाच्या व्हॉल्व्हमधून पुन्हा कॉइलमध्ये शिरतो आणि तेच चक्र पुन्हा. कूलर आणि एसीतला फरक एवढाच की कूलर आपलं पाणी रोज जगाला देऊन टाकतो आणि एसी आपला गॅस बंद नळ्यांच्या वेटोळ्यात जपून ठेवतो. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. रबरी नळ्यांमधून वर्षाकाठी काही थोडे ग्रॅम पाझरतात, ते सोडले तर कारखान्यात भरलेला गॅस वर्षानुवर्षं तिथेच असायला हवा.

मग आमचा गेला कुठे?

कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं मोमिनपुऱ्याच्या बाजूच्या एका जुन्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथली पोरं मालकांना उस्ताद म्हणतात, मी काका म्हणते. साठी ओलांडलेली, चष्म्याला मागे दोरी, शर्टाच्या खिशात टायरवर लिहायचा पिवळा खडू. त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली आणि बॉनेट उघडून बराच वेळ काहीच केलं नाही. नुसते उभे राहिले. मग डावा हात जाड पाइपवर ठेवला, उजव्या हाताची दोन बोटं बारीक पाइपाला झटकन लावून काढली. “जाड गार पाहिजे, बारीक गरम पाहिजे. तुमचा जाड पाइप कोमट हाये न बारीकही कोमट हाये. म्हंजे काम करायलाच कोनी नाही आतमंदी.” गेज नंतर लावले. दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) दाखवणारी दोन घड्याळं, एक निळं, एक लाल. चालू गाडीत निळा काटा पंधराच्या आसपास घसरायचा, टक्, क्लच सुटायचा, काटा वर चढायचा, टक्, पुन्हा खाली. लाल काटा त्या उन्हात दोनशेच्या बराच वर असायला हवा होता, तो एकशेवीसच्या पुढे सरकेना.

मी त्यांना त्या पेचकसाबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा वाकडा झाला. गाडी बंद करून त्यांनी मला पुन्हा गेज दाखवले. थोड्या वेळात दोन्ही काटे एकमेकांजवळ येऊन १२५ च्या आसपास थांबले. “आता मला सांगा, आतमंदी किती गॅस हाये?” मी म्हटलं, काटा बघून सांगता येईल ना. ते मान हलवत म्हणाले, “हेच तर लोकांना समजत नाही. आतमंदी थेंबभर पातळ गॅस उरला असंल तरी काटा इथंच थांबते, न पुरा भरला असंल तरी इथंच. बाहेर जेवढी गर्मी, तेवढा दाब.” घरी येऊन मी पुस्तकात पाहिलं, तंतोतंत खरं होतं. बंद गाडीत जोवर थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. साधारण ३८ अंशांना तो १२५ पीएसआयच्या जवळपास असतो. म्हणजे पिन दाबून जोरात फस्स आवाज आला, तर त्यातून फक्त एकच गोष्ट कळते, की आत काहीतरी आहे. किती आहे हे त्या आवाजाला सांगताच येत नाही. आणि हे न सांगण्याची किंमत म्हणून तो दर वेळी थोडा गॅस आणि थोडं कॉम्प्रेसरचं तेल घेऊन जातो.

किती उरलाय हे कळायचं तर तो बाहेर काढून तोलावा लागतो. काकांकडे ओढून घेणारं यंत्र होतं, जुनं, रंग उडालेलं. त्यांनी गॅस टाकीत ओढून घेतला आणि वजनकाट्यावर दाखवला. १८० ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, धुळीनं माखलेला, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. पोरानं तो ओल्या फडक्यानं पुसला. ४२० ग्रॅम. मार्चमध्ये भरलेला, एप्रिल संपायच्या आत निम्म्याहून जास्त गायब.

यानंतरचा तास मला फार आवडला. बंद नळ्यांत नायट्रोजन भरून दाब वाढवला आणि मग ते दोघे, काका आणि एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन एकेक सांधा फिरायला लागले. कंडेन्सरचे कोपरे आधी बघितले, कारण दगड तिथेच लागतात. तेलकट डागावर धूळ चिकटली आहे का ते बघितलं; गॅस निसटताना सोबत तेल नेतो आणि जिथून निसटतो तिथे काळपट ओशट ठिपका सोडतो. डाग नव्हता. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, पाइपांच्या जोडांशी साबणाचा फेस नुसता चमकत राहिला. माझ्या मनात कुलिंग कॉइलचीच धाकधूक होती, कारण ती फुटली असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. मग पोरानं ब्रश त्या व्हॉल्व्हवर फिरवला, जिथे पेचकस दाबला होता. आधी काही नाही. मग पिनेच्या कडेनं एक फुगा आला. मोहरीएवढा. तो हळूहळू वाटाण्याएवढा झाला, त्यावर खिडकीतलं ऊन इंद्रधनुष्यासारखं फिरलं, आणि फुटला. लगेच दुसरा यायला लागला. पोरगा ओरडला, “उस्ताद, भेटला!” आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो.

टोपी जागेवर नव्हती.

ती काळी टोपी म्हणजे नुसतं धुळीचं झाकण नव्हे. तिच्या आत रबराची चकती असते आणि गॅस अडवून धरण्याचं बरंचसं काम तीच करते. आतली पिन गॅस भरताना उघडमीट करण्यापुरती. पेचकसानं वेडीवाकडी दाबली की पिनेचं रबर कापलं जातं किंवा पिन नीट मागे बसत नाही. वर टोपीही नसेल तर रात्रंदिवस तिथून गॅस झिरपत राहतो. गाडी उभी असो, चालू असो, हिवाळा असो. भरताना गेला, तपासताना गेला, आणि मग पुढचा उन्हाळा येईपर्यंत जात राहिला. नवी पिन आणि नवी टोपी यांना मिळून शे-दीडशे रुपये लागले. मला हायसं वाटलं आणि तितकाच रागही आला. कुणावर यावा हेच कळत नव्हतं. त्या वर्धा रोडवरच्या माणसाला हे कुणी शिकवलंच नसेल. त्याच्या दारात मार्च ते जून एवढी रांग असते की एकेका गाडीला तास देणं त्याला परवडणारही नाही. आणि आम्हीही तास द्यायला तयार नसतो; आम्हाला गाडी लगेच गार हवी असते.

काकांनी व्हॅक्यूम पंप लावला आणि अर्धा-पाऊण तास चालू ठेवला. निळा काटा शून्याच्या खाली, पार तळाशी गेला. त्या पोकळीत नळ्यांत शिरलेली ओल खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. ही पायरी गाळली तर उरलेलं पाणी त्या बारीक भोकाशी गोठतं आणि एसी मध्येच चालतो, मध्येच थांबतो. पंप बंद करून ते चहा प्यायला बसले, काटा जागचा हलतो का हे बघत. हलला नाही. मग तोलून ४२० ग्रॅम, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. जास्त भरला तर जास्त गार होईल असं अनेकांना वाटतं, होतं उलटंच. कंडेन्सरमध्ये जागा उरत नाही, दाब चढतो आणि गारवा कमी होतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. गाडी जागेवर उभी ठेवली तसा लाल काटा चढायला लागला. दोनशेसाठ, तीनशे, आणि पुढेच. जाळीतली हवा पुन्हा कोमट. काकांनी मगभर पाणी घेतलं आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर ओतलं. चर्र झालं, वाफेचा वास आला आणि काटा डोळ्यांदेखत दोनशेतीसवर आला. आत बसलेल्या मला त्याच क्षणी गालावर गारवा जाणवला. “गॅस बराबर हाये. वारा नाही भेटून राहिला त्याला.” कंडेन्सरचा पंखा फिरत होता, पण आळसटलेला. मोटरचे कार्बन घासून गेले होते. धावत्या गाडीत समोरचा वाराच पंख्याचं काम करतो, म्हणून रस्त्यावर बरं वाटायचं आणि टोलला जीव कासावीस व्हायचा. एका दुखण्याच्या मागे दुसरं लपलं होतं, आणि नुसता गॅस भरत गेलो असतो तर ते दोन्ही लपलेलेच राहिले असते. पंखा बदलला. कंडेन्सरच्या पात्यांमध्ये अडकलेला कापसाचा आणि धुळीचा थर हलक्या पाण्यानं धुतला. जोराच्या फवाऱ्यानं ती नाजूक पाती आडवी होतात, म्हणून त्यांनी पोराला प्रेशरचा पाइप लावू दिला नाही.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला अजून कुणी सांगितली नव्हती. उन्हाळ्यात गाडीखाली पाणी टपकलं नाही तर घाबरू नका. ते पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं. मे महिन्यात विदर्भाच्या हवेत तो असतोच किती? जुलैत मात्र टपकायलाच हवं. तेव्हा बाहेर पडलं नाही आणि पायाशी गालिचा ओला झाला, तर बाहेरची नळी तुंबलेली समजा. बहुतेक वेळा कडुनिंबाच्या पानांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब झडतो, ती बारीक पानं काचेच्या खालच्या जाळीतून आत शिरतात, पंख्यात अडकतात, फिल्टर तुंबवून टाकतात. हवा गार आहे पण येतच नाही, अशी तक्रार असेल तर गॅसचा विचारही न करता आधी तो फिल्टर बघावा, आणि तो बघायला बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्स काढण्याइतकंच कष्टाचं काम असतं.

त्या रात्री मी माझ्या गाडीतून गेलेल्या २४० ग्रॅमचा हिशोब मांडून बसले. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच तो आला. त्याआधीच्या गाड्यांत आर-१२ असायचा. तो तयार करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९३० मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीनं मेणबत्ती विझवून दाखवली, की बघा, विषारी नाही आणि पेटतही नाही. दोन्ही खरं होतं. वर गेल्यावर तो ओझोनचं काय करतो हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली, १९८७ मध्ये असे वायू थांबवायचा माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आर-१२ गेला. नवा आला तो ओझोनपुरता निर्दोष, पण उष्णता धरून ठेवण्यात १०० वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. माझे २४० ग्रॅम म्हणजे जवळपास ३४० किलो कार्बन डायऑक्साइड. एवढा धूर काढायला गाडीला सुमारे १५० लिटर पेट्रोल जाळावं लागेल. एका पिनेतून, गाडी दारात उभी असताना, काही न करता. हे वायू कमी करायचं २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत ठरलं, भारतानं २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि आपल्याला दिलेली मुदत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करण्याची आहे. तोवर वर्धा रोडवर किती मार्च येतील आणि किती पिना दाबल्या जातील, हे मनातून जात नाही.

आणि तरीही, पुढच्या वेळी बाबांना आणताना मी एसी पूर्ण लावला. जामच्या पुढे मे अखेरच्या नवतपाचं ऊन शेतांवर पांढरं पडलं होतं, रस्त्याचं काम चालू होतं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बाया गरम डांबराजवळ घमेली उचलत होत्या. आम्ही काचा लावून गार हवेत त्यांच्या शेजारून गेलो. आमची आतली उष्णता समोरचा कंडेन्सर बाहेर टाकत होता, त्यांच्याच हवेत. बाबा शांत झोपले होते, मान एका बाजूला कललेली, कपाळ कोरडं. मला ते तसे हवे होते. या दोन गोष्टी एकत्र माझ्या मनात नीट बसत नाहीत, आणि त्या बसवायचा मी प्रयत्नही सोडून दिलाय. एवढं मात्र वाटतं की जो गारवा आपण घेतोच आहोत, तो घेताना निदान गळतं भांडं भरत राहू नये.

हे मी हल्ली ज्याला त्याला सांगते. गॅस भरायला निघालेल्या शेजाऱ्यांना म्हणते, आधी गळती शोधायला सांगा, वजनानं भरायला सांगा, टोपी परत बसवली का बघा. बहुतेक जण ऐकतात. पण मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्याला काकांकडे घेऊन गेले तेव्हा माझ्या सांगण्याची धार बोथट झाली. तो भद्रावती-वरोऱ्याकडून पेशंट घेऊन मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात येतो. बाहेरचे सगळे सांधे कोरडे निघाले. मग काकांनी गॅस ओळखणाऱ्या डिटेक्टरची सळई गाडीखाली, पाणी निघायच्या नळीच्या तोंडाशी धरली आणि ती टिकटिक करता करता एकदम किंचाळायला लागली. कॉइल फुटलेली. डॅशबोर्ड उतरवणं, नवी कॉइल, मजुरी, दोन दिवस गाडी बंद. त्यानं आकडा ऐकला, खाली बघितलं आणि म्हणाला, “ताई, आज भरून घेऊ द्या. उद्या डायलिसिसवाल्या आजी हायेत.” मी काय बोलणार होते? काकाही काही बोलले नाहीत. त्यांनी तोलून गॅस भरला, टोपी घट्ट बसवली आणि मजुरी घेतली नाही. पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा या, पैसे दोन-तीनदा मिळून द्या, असं त्याला सांगितलं. जुलैत त्याचा फोन आला की मीही जाणार आहे. डॅशबोर्ड उतरल्यावर ती कॉइल नक्की कुठे फुटली आहे ते मला बघायचंय.